गुत्त्यातून दिवाणखान्यात

मद्याचा इतिहास लिहिणारे बहुतेक ग्रंथकार गुत्त्याच्या दाराशी थांबतात. कोणत्या सरकारने किती कर बसविला, कोणत्या सुधारकाने कोणती चळवळ उभारली, कोणत्या साली कोणता कायदा झाला, हे सर्व त्यांच्या ग्रंथांत सविस्तर सापडते. परंतु दारू गुत्ता सोडून सभ्य गृहस्थाच्या दिवाणखान्यात केव्हा शिरली, तिच्याकरिता भिंतीतले एक फडताळ केव्हा राखले गेले, आणि त्या फडताळाच्या खर्चाचा मेळ मध्यम स्थितीतील कुटुंबाने कसा घातला, ही हकीकत सहसा कोणी सांगत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही गोष्ट ज्या रीतीने घडली ती रीत इतकी विलक्षण आहे की, मद्याला कधीही न शिवणाऱ्या आमच्या वाचकांसही ती जाणून घ्यावीशी वाटेल. घराचे गुत्त्यापासून रक्षण व्हावे म्हणून जी चळवळ निघाली, तिनेच अखेर गुत्त्याला घरात आणून बसविले.

घरी पाहुण्यांकरिता मद्याचे मिश्रण करण्याची चाल मात्र अमेरिकेहून जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या किनाऱ्याला येऊन मिळतो. इंग्रज लोक ज्याला ‘पंच’ म्हणतात ते पेय ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी येथून विलायतेस नेले. कंपनीच्या १६३२ सालच्या एका पत्रात त्याचा उल्लेख आहे. १६७२ च्या सुमारास हिंदुस्थानात आलेला डॉक्टर जॉन फ्रायर हा आपल्या प्रवासवृत्तात लिहितो की, गोव्यातील नेरूळ येथे उत्तम अर्क निघतो व त्यात आणखी पदार्थ घालून या किनाऱ्यावरील इंग्रज लोक एक अंग गाळून टाकणारे पेय करितात; पाच पदार्थ म्हणून त्याचे नाव पंच. ही व्युत्पत्ती काही कोशकारांना मान्य नाही, पण फ्रायरच्या कानांवर ती येथेच पडली एवढे निश्चित. अर्क, पाणी, लिंबू, साखर आणि मसाला, हे ते पाच पदार्थ. त्यांतील एकही दुर्मीळ नव्हता, आणि मोठ्या वाडग्यात एकदा मिश्रण केले म्हणजे दहा माणसांचे भागत असे. पुढे अमेरिकेतील वसाहतींत घरोघर हाच वाडगा आला.

हा वाडगा मागे पडला तो कॉकटेलमुळे. न्यूयॉर्क संस्थानातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १८०६ च्या मे महिन्यात एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना कॉकटेलची व्याख्या केली. कोणतेही कडक मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण ते कॉकटेल, अशी ती आहे. हे पेय वाडग्यात न करता एकेका पेल्यात, पिणाऱ्याच्या समोर व त्याच्या तब्येतीप्रमाणे करावयाचे, आणि त्याला बर्फ हवा. बर्फाचा व्यापार बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर याने त्याच १८०६ साली सुरू केला. १८३३ साली त्याने गोठलेल्या सरोवरांतून कापलेला बर्फ भुशात गुंडाळून कलकत्त्यापर्यंत पोचविला, आणि पुढे मुंबईतही त्याकरिता खास बर्फघर बांधले गेले. परंतु असा बर्फ सामान्य माणसाच्या घरी वाटेल त्या वेळी मिळणे शक्य नव्हते. तो असे गुत्तेवाल्याकडे. त्यामुळे कॉकटेलची विद्या एकोणिसाव्या शतकात गुत्तेवाल्याचीच विद्या होऊन राहिली. जेरी टॉमस नावाच्या नामांकित गुत्तेवाल्याने १८६२ साली या विद्येचे अमेरिकेतील पहिले पुस्तक छापले ते मुख्यतः आपल्या व्यवसायबंधूंकरिता. घरी कॉकटेल पिऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाची अडचण ओळखून कनेटिकट संस्थानातील ह्यूब्लाइन बंधूंनी १८९२ साली तयार कॉकटेलच्या सीलबंद बाटल्या विकावयास आणल्या, यावरूनही घरी ते करणे सामान्य माणसाला अवघड वाटत असे हेच दिसते.

गुत्ता हे पुरुषांचे राज्य होते. कारखान्यातून सुटलेला मजूर आठवड्याचा पगार खिशात घेऊन तेथे जाई, आणि घरी पोचेपर्यंत त्यातला किती उरे हे त्याच्या बायकोला ठाऊक असे. विवाहित स्त्रीला स्वतंत्र मिळकत नाही, मत नाही, आणि मारझोडीविरुद्ध दाद मागण्यास जागा नाही, अशा स्थितीत तिने गुत्त्याला शत्रू मानले यात नवल ते काय? १८७४ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या ख्रिस्ती मद्यनिषेध संघाने, विशेषतः त्याच्या अध्यक्षा फ्रान्सेस विलर्ड यांनी, ‘गृहरक्षण’ हा शब्दच आपल्या चळवळीचे निशाण म्हणून उभारला. आजकाल या स्त्रियांची थट्टा करण्याची चाल पडली आहे, ती आम्हास पसंत नाही. कॅन्ससमध्ये कुऱ्हाड घेऊन गुत्ते फोडीत हिंडणारी कॅरी नेशन ही व्यंगचित्रकारांना सोयीची झाली खरी, पण तिच्या मागे ज्या हजारो मुकाट्या गृहिणी होत्या त्यांचे गाऱ्हाणे अगदी खरे होते. १८९३ साली ओहायोत निघालेल्या गुत्ताविरोधी संघाने तर आपल्या नावातच शत्रू कोण ते सांगितले. शत्रू गुत्ता, घरातली बाटली नव्हे.

ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे १९२० च्या कायद्याचे रहस्य उलगडते. घटनेची अठरावी दुरुस्ती १९१९ च्या जानेवारीत मंजूर झाली व १७ जानेवारी १९२० पासून अमलात आली. तिच्या अंमलबजावणीकरिता झालेल्या व्होल्स्टेड कायद्याने दारू गाळणे, विकणे व वाहून नेणे हे गुन्हे ठरविले. पिणे हा गुन्हा ठरविला नाही. इतकेच नव्हे, तर कायदा लागू होण्यापूर्वी घेतलेली दारू स्वतःच्या राहत्या घरी ठेवण्यास, आणि ती आपण, आपले कुटुंब व खरेखुरे पाहुणे यांनी पिण्यास पूर्ण मुभा दिली. केवळ राहण्याच्या घराची झडती, तेथे बेकायदा विक्री चालू असल्यावाचून, घेता येत नसे. शिवाय एका कलमात फळांचा ‘मादक नसलेला’ रस घरापुरता काढण्यास सवलत होती. रस किती दिवसांनी मादक होतो, याचा निवाडा कायद्याने जणू द्राक्षांवरच सोपविला.

याचा परिणाम काय झाला? ज्याच्यापाशी पैसा होता त्याने १९१९ च्या वर्षभरात तळघरे भरून घेतली. अध्यक्ष विल्सन यांनी व्होल्स्टेड कायद्याला नकार दिला होता व काँग्रेसने तो नकार डावलून कायदा मंजूर केला होता. तेच विल्सन १९२१ साली अधिकारावरून उतरले तेव्हा त्यांचा मद्यसाठाही व्हाइट हाउसमधून त्यांच्या नव्या घरी गेला. श्रीमंतांच्या घरी येणेप्रमाणे कायद्याच्या आश्रयाखाली पहिले खरे गृहगुत्ते उभे राहिले. मधल्या स्थितीतील माणसाला तळघर भरणे परवडण्याजोगे नव्हते. त्याने हात चालविले. वाण्याच्या दुकानात जवाचा पाक उघडपणे मिळत असे, त्यापासून स्वयंपाकघरात बिअर निघू लागली. कॅलिफोर्नियातील द्राक्षांचे मळे ओसाड पडतील अशी भीती होती, ती खोटी ठरून त्यांचे क्षेत्र उलट वाढले. आगगाड्या भरभरून द्राक्षे पूर्वेकडील शहरांत जात, आणि त्यांतही जाड सालीच्या, प्रवासात न चेंगरणाऱ्या जातीला मोठी मागणी असे, मग तिची दारू कशी का होईना. डॉक्टरच्या चिठ्ठीवर दहा दिवसांत एक पिंट व्हिस्की औषध म्हणून घेता येई, आणि त्या चिठ्ठ्यांनी पुष्कळ औषधविक्रेत्यांचा धंदा तेजीत आला. ज्यांस झटपट काम हवे ते कोणाकडून तरी आणलेल्या शुद्ध म्हणविलेल्या मद्यार्कात पाणी, थोडे ग्लिसरीन आणि ज्युनिपर फळाचे तेल मिसळून घरच्या घरी ‘जिन’ बनवीत. ही बरणी नेहमीच्या मोरीत नळाखाली मावत नसे, म्हणून ती न्हाणीघरात भरावी लागे. त्यावरून तिला नावही तसेच पडले. अशा जिनची चव नुसती घेण्याजोगी नसे. ती झाकण्याकरिता संत्र्याचा रस, मध, आल्याचे सोडायुक्त पाणी यांचा मारा होऊ लागला. कॉकटेल ही जी पूर्वी गुत्तेवाल्याची कला होती, ती आता घरधन्याची गरज झाली.

सर्वांत वाईट गत झाली ती गरिबाची. कारखान्यांत लागणारा मद्यार्क करमुक्त असे व तो कोणी पिऊ नये म्हणून त्यात विषारी द्रव्ये मिसळण्याचा प्रघात १९०६ पासून होता. चोरून नेलेला हा मद्यार्क गुन्हेगार पुन्हा गाळून विकू लागले, तेव्हा १९२६ च्या अखेरीस सरकारने विषाचे, विशेषतः मेथिल मद्यार्काचे, प्रमाण वाढविण्याचे ठरविले. त्याच नाताळात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत विषबाधेने आंधळे झालेले व मरणारे लोक येऊ लागले. शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक डॉ. चार्ल्स नॉरिस यांनी सरकारला याबद्दल उघडपणे जबाबदार धरले. ज्याला चांगली दारू विकत घेण्याची ऐपत आहे तो वाचतो आणि गरीब मरतो, हे त्यांचे म्हणणे कोणालाही खोडून काढता आले नाही. १९३० साली आल्याच्या एका औषधी अर्कात भेसळीचे एक रसायन मिसळले गेले. हा अर्क मद्यार्कामुळेच गरिबांत खपत असे; त्याने हजारो माणसे पायांनी लुळी झाली. थोड्या पैशांत दारू मिळविण्याचा हा मार्ग होता, आणि त्याची किंमत अशी भरावी लागली. मद्यनिषेधाच्या बाजूने आम्ही वर जे बोललो ते आम्ही परत घेत नाही. परंतु आपल्याच नागरिकांच्या पेल्यात जाणार हे ठाऊक असूनही जे सरकार विष वाढविते, त्याने कायद्याचा हेतू कितीही चांगला असला तरी त्याचे नाव घालविले असे आमचे मत आहे.

दरम्यान घरात आणखी एक बदल घडला होता. गुत्त्यात स्त्रीला प्रवेश नव्हता. घरात ती यजमानीण होती. तिच्या दिवाणखान्यात दारू आली ती तिच्याच हातून पाहुण्यांना दिली जाऊ लागली, आणि हळूहळू तिच्याही हाती पेला आला. १९२९ साली पॉलीन सेबिन या रिपब्लिकन पक्षातील वजनदार बाईंनी मद्यबंदी रद्द करण्याकरिता स्त्रियांची संस्था काढली. त्यांचा युक्तिवाद कोणता म्हणाल, तर गृहरक्षणाचाच! कायद्याचा सर्रास भंग होताना पाहत आपली मुले वाढत आहेत, चोरट्या गुत्त्यात वयाची चौकशी नाही, म्हणून घराच्या रक्षणाकरिता हा कायदा जावा, असे त्या सांगत. पन्नास वर्षांपूर्वी विलर्डबाईंनी जो शब्द पुढे केला होता तोच आता उलट्या बाजूने वापरला गेला. मंदीच्या काळात कराच्या उत्पन्नाची गरजही सरकारला भासत होती. ५ डिसेंबर १९३३ रोजी यूटा संस्थानाच्या मताने छत्तीस संस्थानांची संख्या भरली व मद्यबंदी उठली.

मद्यबंदी उठली, पण तिने लावलेली सवय उठली नाही. लोकांनी तेरा वर्षे घरी मिश्रण केले होते. ते आता उजळ माथ्याने करू लागले. त्यांना साधनेही स्वस्त झाली. तीन भागांचे, आतच गाळणी असलेले हलविण्याचे भांडे १८८४ पासून प्रचारात होते. पण ते चांदीचे करण्याऐवजी पितळेवर क्रोमचा मुलामा देऊन करता येते हे कळताच तांब्यापितळेच्या कारखान्यांनी ती भांडी साधारण गिऱ्हाइकाला परवडतील अशी काढली. नॉर्मन बेल गेडिस या कलावंताने रेव्हिअर कंपनीकरिता केलेला संच तर न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतीसारखा दिसे, आणि आज तो संग्रहालयांत मांडलेला आहे. दुसरे साधन याहून महत्त्वाचे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९२७ साली डोक्यावर वाटोळे यंत्र असलेले शीतकपाट बाजारात आणले, आणि तशी कपाटे घरोघर पसरल्यावर बर्फाचे खडे करण्याकरिता बर्फवाल्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. ट्यूडरच्या काळापासून घर आणि गुत्ता यांच्यामध्ये बर्फ हीच खरी भिंत होती. ती येथे पडली. खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांना रोज सायंकाळी स्वहस्ते पाहुण्यांकरिता मार्टिनी करण्याची हौस होती. ती मार्टिनी वाईट असे, याविषयी त्यांच्या स्नेह्यांचे एकमत दिसते. अध्यक्षाच्या हातचा पेला परत कोण करणार?

या नव्या गृहविद्येला शास्त्राचे रूप दिले ते एका वकिलाने. डेव्हिड एम्बरी हा न्यूयॉर्कचा करविषयक कायद्याचा जाणकार. मद्याच्या व्यापाराशी आपला संबंध केवळ पिण्याचा व पाहुण्यांना पाजण्याचा आहे, असे तो स्वतःच सांगतो. १९४८ साली त्याने मद्यमिश्रणाच्या कलेवर पुस्तक लिहिले. त्यापूर्वीची पुस्तके शेकडो कृतींच्या याद्या असत. एम्बरीने कर-वकिलाच्या बुद्धीने त्या सर्वांचे मूळ शोधले. प्रत्येक कॉकटेलमध्ये एक मूळ मद्य, एक त्याला वळण देणारा पदार्थ, आणि वाटल्यास रंग वा गंध देणारा एखादा थेंब, अशी त्याची फोड आहे. मूलभूत कॉकटेले त्याने सहाच धरली: मार्टिनी, मॅनहॅटन, ओल्ड फॅशन्ड, डायकिरी, साइडकार व जॅक रोझ.

या सहांचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे मध्यम कुटुंबाच्या फडताळाचा प्रश्न कसा सुटतो ते दिसते. जिनची एक बाटली, व्हिस्कीची एक, रमची एक, आणि व्हर्मूथ नावाच्या सुगंधी द्राक्षमद्याच्या गोड व कोरड्या अशा दोन. एवढ्या पाच बाटल्यांवर सहांपैकी चार कॉकटेले होतात. त्यांच्या जोडीला लिंबू, साखर, आणि कडू अर्काची छोटी कुपी. हा कडू अर्क सीगर्ट नावाच्या जर्मन वैद्याने १८२४ साली व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा गावी पोटाच्या औषधाकरिता तयार केला. एका पेल्याला त्याचे दोन थेंब लागतात, म्हणून ती कुपी घरात कित्येक महिने पुरते. उरलेल्या दोन कॉकटेलांकरिताच कोन्याक व सफरचंदाची ब्रँडी, नारिंगाच्या सालीचे गोड मद्य आणि डाळिंबाचा पाक लागतो. यांपैकी पाक घरी करता येतो. बाकीच्या बाटल्या सावकाश घ्याव्यात, किंवा मुळीच घेऊ नयेत. डायकिरीचे त्याचे प्रमाण आठ भाग रम, दोन भाग लिंबाचा रस व एक भाग साखरेचा पाक असे आहे. मद्यबंदीतली गोडी ज्यांच्या जिभेवर बसली होती त्यांना हे अंमळ आंबट वाटले असावे, पण मद्य चांगले असेल तर ते लपविण्याचे कारण काय, असा एम्बरीचा सवाल आहे आणि तो रास्त आहे.

भांड्यांच्या बाबतीत तर खर्चाला आणखी कात्री लावता येते. क्रोमचे भांडे शोभेचे खरे, पण घट्ट झाकणाची काचेची बरणी तेच काम करते. मापाकरिता एक लहान पेला मात्र हवाच, कारण नजरेने ओतणाऱ्या यजमानाचा पहिला पेला व तिसरा पेला एकसारखा होत नाही. बर्फाविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे: तो वितळून मद्य ‘बिघडवितो’ म्हणून कमी घालावा. वस्तुतः पेय थंड होते ते मुख्यतः बर्फ वितळण्यामुळेच, आणि त्यातून येणारे पाणी हा १८०६ च्या व्याख्येतीलच एक घटक आहे. थोडा बर्फ घातला तर तो सगळा विरघळून पेय पाणचट होते व पुरते थंडही होत नाही. काटकसर करावयाची तर ती येथे करू नये. तसेच, व्हर्मूथ हे अखेर द्राक्षाचेच मद्य. उघडल्यावर ते महिनोन् महिने फडताळात ठेवले तर विटते. अमेरिकेतील पुष्कळ घरांतील मार्टिनीत व्हर्मूथ कमी कमी होत गेला त्याचे एक कारण तो विटलेला असे हेच असावे, असा आमचा तर्क आहे.

एम्बरीचे पुस्तक निघाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी आमच्या मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा झाला. १९३९ साली मुंबई शहरात बंदीचा पहिला प्रयोग झाला होता. १९४९ चा कायदा सर्व प्रांताकरिता होता, आणि अमेरिकेच्या कायद्याहून तो एका बाबतीत मुळातच निराळा होता. अमेरिकेने विक्री बंद केली आणि घराच्या उंबऱ्याशी कायदा थांबविला. मुंबईने मद्य जवळ बाळगणे व पिणे हेच परवान्यावाचून गुन्हा ठरविले. प्रकृतीच्या कारणास्तव ज्याला ते हवे त्याला परवाना काढावा लागे. म्हणजे येथे कायदा थेट फडताळापर्यंत गेला. फडताळ न्यायालयातही उभे राहिले. मुंबईचे एक नागरिक एफ. एन. बलसारा यांनी आपल्याजवळ काही वस्तू बाळगण्याचा व वापरण्याचा हक्क मागितला. त्यांच्या यादीत व्हिस्की, ब्रँडी, वाइन व बिअर होती, तसेच औषधी वाइन, कोलनचे सुवासिक पाणी आणि लॅव्हेंडरचे पाणीही होते. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांवरील बंदी घटनाबाह्य ठरली, आणि कोलनचे पाणी घराघरांत परत आले. यादीतील पहिल्या चार वस्तूंवरील बंदी कायम राहिली.